प्लासिदोच्या जेवणाचं हरीण

निकानोर बारेला दुकानात शिरला की दुकानदारीण दरवेळी दचकायची. तिचं तोंड फळीकडे असायचं, दार उघडल्याचा आवाज आलेला नसायचा, आणि वळून बघावं तर हा समोर उभा. "गळ्यात घंटा बांध रे बाबा," ती म्हणायची. तो टोपीला हात लावायचा आणि खिळे मागायचा.

चालताना दगड वाजू द्यायचा नाही, ही सवय त्याला डोंगराने लावली होती. आमचं एल साउसे हे गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. पलीकडच्या उतारावरून मेक्सिकोची हद्द लागते, अलीकडे आम्ही. दोन्हीकडचे दगड सारखेच सुटे आणि दोन्हीकडे पाणी सारखंच दुर्मीळ. निकानोरचा धंदा पवनचक्क्यांचा होता. रानातल्या गुरांना पाणी पाजणाऱ्या त्या लोखंडी चक्क्या कुरकुरायला लागल्या की मालक त्यालाच बोलावत. तो वर चढायचा, पाती सोडवायचा, गंज खरवडायचा आणि खाली उतरून पन्हाळीतून पहिलं पाणी पडेपर्यंत तिथेच बसून राहायचा. लोक म्हणत, एवढ्या वेळात दुसरी चक्की झाली असती. तो म्हणे, पाणी पडल्याशिवाय काम झालं हे मला कसं कळणार?

शिकारही तो तशीच करी. आमच्याकडे बंदुकीच्या शिकारीची चिठ्ठी, म्हणजे सरकारी परवाना, सोडतीत निघते, कधी निघते, कधी वर्षानुवर्षं निघत नाही. धनुष्याची चिठ्ठी मात्र पैसे टाकले की दुकानात मिळते, कारण धनुष्याने पांढऱ्या शेपटीचं हरीण मारणं किती अवघड आहे हे सरकारलाही माहीत आहे. हे हरीण लहान, शेळीपेक्षा थोडं मोठं, रंगाने खडकासारखं. ते उभं असतं तोवर दिसत नाही आणि हललं की निघून गेलेलं असतं. प्लासिदो किहादा म्हणायचा, "बंदुकीला डोळा लागतो, धनुष्याला पाय लागतात. आणि पायांना कुणाचा तरी डोळा."

हा प्लासिदो म्हणजे निकानोरचा जोडीदार. निकानोरने त्याच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलं होतं, तेव्हापासून दोघं एकमेकांचे कोम्पाद्रे झाले आणि प्लासिदोची बायको तेंचा निकानोरची कोमाद्रे. हे नातं आमच्याकडे रक्ताच्या नात्याहून जड मानतात, कारण रक्ताचं कुणी निवडत नाही. कोम्पाद्रे एकमेकांना तुम्ही म्हणतात. ही दोघं तर डोंगरात, उन्हात होरपळताना, एका बाटलीतलं पाणी पितानाही तुम्ही म्हणत.

त्यांची रीत ठरलेली होती. जानेवारीत नर माजावर येतात, माद्यांच्या मागे हिंडतात आणि थोडे वेडे होतात. तेव्हा पहाटे दोघं निघत. प्लासिदो दरीच्या एका अंगाला दुर्बीण घेऊन बसे आणि निकानोर दुसऱ्या अंगाने धनुष्य घेऊन जाई. हरीण कुठे आहे हे प्लासिदोला समोरून दिसे. निकानोरला पुढ्यातलं झुडूप आणि घायपाताचे काटे यापलीकडे काही दिसत नसे. तो मधूनमधून दुर्बिणीने आपल्या जोडीदाराकडे बघे, आणि प्लासिदो टोपीने सांगे. टोपी डाव्या हातात म्हणजे डावीकडे सरकायचं. उजव्या हातात म्हणजे उजवीकडे. डोक्यावर म्हणजे पुढे यायचं. आणि टोपी गुडघ्यावर ठेवली, म्हणजे थांबायचं, श्वाससुद्धा हळू घ्यायचा. अशी गुडघ्यावरची टोपी निकानोरने अर्धा अर्धा दिवस पाहिलेली होती.

आणि दोघांचा एक नियम होता. ज्या हरणाला आपला बाण लागला ते आपलं. सापडलं तरी आपलं, नाही सापडलं तरी आपलं. चिठ्ठी एका हरणाची असते. जखमी हरीण कुठल्या कपारीत जाऊन पडलं, तर ते शोधायचं, पाय चालतील तोवर शोधायचं, आणि नाही सापडलं तर चिठ्ठी चुलीत टाकायची. वर्ष संपलं. कायद्यात असं काही लिहिलेलं नाही. पण डोंगर आपली मोजदाद ठेवतो, असं प्लासिदो म्हणे.

नियम दोघांचा होता, पण तो दुसऱ्याच्या डोक्यात मारायचं काम एकट्या निकानोरने केलं होतं. प्लासिदोचा धाकटा भाऊ बेतो गावात टायरचं दुकान चालवतो. त्याचं धनुष्य चाकांचं, दोन्ही टोकांना दोरीची चाकं असलेलं, ओढून धरायला हलकं, त्याला नेम धरायला दिव्याची दुर्बीण लावलेली. तो डोंगरात रांगत जात नसे, पाण्याच्या टाकीजवळ आडोसा करून बसे. एका वर्षी त्याच्या बाणाने एक हरीण जखमी झालं आणि सापडलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याने दुसरं पाडलं. निकानोरला ते कळलं तेव्हा तो दुकानात खिळे घेत होता आणि बेतो दारातून आत येत होता.

"बघा," निकानोर सगळ्यांसमोर म्हणाला, "एका कागदावर दोन हरणं नेणारा माणूस. तेही मी दुरुस्त केलेल्या टाकीवर बसून."

माणसं हसली. बेतो हसला नाही. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. प्लासिदोने भाऊही सोडला नाही आणि कोम्पाद्रेही सोडला नाही, पण शिकारीला तो निकानोरबरोबरच जात राहिला. बेतोला त्याने कधी बोलावलं नाही. त्या घरात हा विषय कुणी काढत नसे.

प्लासिदो गेला तो जानेवारीच्या शेवटी. खाणीतली जुनी धूळ छातीत होती, तिने नेलं. जाण्याआधी काही दिवस तो तेंचाला म्हणाला होता, "माझ्या वर्षाच्या जेवणाला दुकानातली कोंबडी घालू नकोस. डोंगरातलं असू दे काहीतरी." आमच्याकडे माणूस गेल्याला वर्ष झालं की चर्चमध्ये त्याच्या नावाने मिस्सा होते, काळी वस्त्रं उतरतात आणि अख्खं गाव जेवतं. त्या जेवणाने मेलेला माणूस खऱ्या अर्थाने घराबाहेर पडतो, असं म्हातारी माणसं मानतात. ते जेवण फसलं तर तो उंबऱ्यात घुटमळतो.

नाताळाच्या आधी सगळ्या बायका तेंचाच्या घरी तामाले, मक्याच्या सालीत गुंडाळलेले पिठाचे उंडे, बांधायला बसल्या होत्या. निकानोर लाकडं टाकायला आला तेव्हा तेंचाने मक्याच्या पिठाने भरलेले हात पुसले आणि त्याला अंगणात गाठलं.

"कोम्पाद्रे, त्याचं बोलणं तुम्हाला सांगून ठेवते. पुढे मला आठवण करून द्यायला लावू नका."

"सांगायला लागतं का, कोमाद्रे? हरीण येईल."

"तुमचा खांदा?"

"खांदा माझा आहे. त्याला मी सांगेन."

खांदा मात्र त्याचं ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. दोन उन्हाळ्यांपूर्वी विहिरीचा नळ वर ओढताना साखळी सुटली आणि उजवा हात खांद्यातून उपसल्यासारखा झाला. त्याचं साधं लाकडी धनुष्य, चाकं नाहीत, ओढलं की सगळं वजन हातावर. अंगणात गवताच्या गंजीवर बाण मारताना तो दात चावत असे. बायको एलोदिया दारात उभी राहून बघायची.

"म्हाताऱ्या, बेतोसारखं चाकांचं घे एखादं."

"मेल्यावर घेईन."

"तेव्हा तर मग फारच सोपं जाईल ओढायला."

जानेवारी लागला. समोर बसायला आता कुणी नव्हतं. निकानोर एकटाच जाई, आधी एका अंगाला बसून बघे, मग दरी उतरून दुसऱ्या अंगाला चढे. तो चढेपर्यंत हरीण निघून गेलेलं असे. महिना अर्ध्याच्या पुढे सरकला. तेंचा काही विचारत नव्हती, पण चर्चमधून बाहेर पडताना ती थांबायची, आणि तो जमिनीकडे बघून पुढे जायचा.

मग एका सकाळी जमलं. एक नर मादीच्या मागे वेड्यासारखा फिरत एका खडकाच्या आडून थेट त्याच्या अंगावर आला. निकानोर खुरट्या ओकच्या झाडाखाली गुडघ्यावर होता. त्याने धनुष्य ओढलं. खांद्यात कळ उठली, ती दातापर्यंत गेली, आणि हात जितका मागे जायला हवा तितका गेला नाही. बाण सुटला. ही हरणं दोरीचा आवाज ऐकतात आणि बाण पोचायच्या आत खाली बसतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नर खाली दबला आणि वळला. बाण लागला तो छातीच्या फार मागे, पोटात.

पोटात बाण लागला की एकच गोष्ट करायची असते. बसायचं. काहीच करायचं नाही. हरीण थोडं अंतर जाऊन आडोशाला बसतं आणि आपल्यामागे कुणी नाही असं त्याला वाटलं, तर तिथेच थंड होतं. घाई केली तर उठतं, आणि उठलेलं हरीण रक्तापेक्षा पुढे पळतं. निकानोरला हे माहीत होतं. त्यानेच कितीतरी जणांना बसवून ठेवलं होतं.

पण पश्चिमेकडून ढग आले होते. काळे, खाली वाकलेले, बर्फाचे. बर्फ पडलं तर रक्ताचा माग पांढऱ्याखाली जाईल, आणि मग तेंचाच्या पातेल्यात काय पडेल? तो बसला, उठला, परत बसला. एकदा त्याने सवयीने समोरच्या उताराकडे दुर्बीण लावली. तिथे दगड होते आणि ओकोतिल्योच्या काटेरी काठ्या वाऱ्यावर हलत होत्या. टोपी कुणाच्याच गुडघ्यावर नव्हती. तो उठला आणि मागावर निघाला.

एका जुनिपरच्या झुडपाखाली त्याला हरणाची बसकण सापडली. माती दबलेली, ओली, अजून ऊबदार. नर नुकताच उठून गेला होता. वरच्या कड्यावर एकदा दगड घरंगळल्याचा आवाज आला, आणि मग कसलाच नाही. कड्याच्या पलीकडे उभी घळ आहे, तिथे बकरीही उतरत नाही.

बर्फ पडलं म्हणावं तर चार कण पडले. दुपारपर्यंत ढग फाटले आणि ऊन पडलं.

त्याने त्या दिवशी संध्याकाळपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी गेला, तिसऱ्या दिवशी गेला. मग घळीच्या तोंडावर कावळे फिरताना दिसले, मोठे, डोंगरातले, आणि ते जिथे उतरत होते तिथे जायला माणसाला वाट नव्हती. तो कड्यावर बसून त्यांच्याकडे बघत राहिला. मग टोपी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि घरी आला.

एलोदिया तव्यावर तोर्तिया उलटत होती. त्याने खिशातून चिठ्ठी काढली आणि चुलीत टाकली.

"हे काय केलंस?"

"माझं हरीण झालं या वर्षीचं."

"झालं? पातेल्यात तर दिसत नाही."

"घळीत आहे."

ती तवा सोडून वळली. "अजून आठवडा आहे महिना संपायला. चिठ्ठी जाळलीस म्हणून दुसरी मिळत नाही. कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं असतं."

"तुला सगळंच कळतं. तेंचाला काय सांगणार, तेवढं कळतंय का?"

तेवढंच कळत नव्हतं. तो त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेला. ती मिरच्या निवडत होती, लाल, वाळलेल्या, अख्खं टोपलंभर. देठ काढून बिया झटकत होती. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, खांदा, ढग, बसकण, कावळे, चिठ्ठी. काही लपवलं नाही.

तेंचा मिरच्या निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे नियम तुमच्याकडे राहिला आणि मिरच्या माझ्याकडे."

"नियम प्लासिदोचाही होता, कोमाद्रे."

"प्लासिदो गेला. तो जेवायला येणार नाही. येणार आहेत ती माणसं, आणि ती घरी जाऊन म्हणणार आहेत की तेंचाने नवऱ्याला कोंबडीवर बोळवलं."

"मी कोकरू आणतो. चांगलं, डोंगरावर चरलेलं."

"त्याने कोकरू मागितलं नव्हतं." तिने हातातली मिरची टोपल्यात टाकली. "बेतोची चिठ्ठी आहे. त्याने अजून काही मारलेलं नाही."

निकानोरने टोपी डोक्यावर चढवली.

"वर्षभर मी त्याला एक शब्द बोलले नाही या जेवणाबद्दल," तेंचा म्हणाली. "सख्खा दीर माझा. का नाही बोलले, माहीत आहे? तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. आता तुम्हीच जा आणि तुम्हीच विचारा. मी जाणार नाही."

"तो मला दारात उभं करणार नाही."

"मग दाराबाहेरून विचारा."

त्या रात्री तो झोपला की नाही हे एलोदियाने कुणाला सांगितलं नाही. सकाळी त्याने गाडीच्या एका चाकातली हवा सोडली आणि गाडी तशीच फरफटत बेतोच्या दुकानात नेली. रिकाम्या हाताने जायला त्याला जमलं नसावं.

बेतो ट्रकच्या टायरवर वाकलेला होता. त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग चाकाकडे, मग निकानोरकडे.

"यात काही घुसलेलं नाही," तो म्हणाला. "कुणीतरी हवा सोडली आहे."

"मी सोडली."

बेतोने हातोडी खाली ठेवली. "बोल."

निकानोर बोलला. बोलायला त्याला वेळ लागला. बेतो ऐकत असताना हात पुसत राहिला, एकेक बोट वेगळं.

"म्हणजे जखमी केलंस आणि गमावलंस."

"हो."

"मग जा, दुसरं मार. सगळेच मारतात. मीसुद्धा मारलं होतं, आठवतं? सगळ्या दुकानाला आठवतं."

"माझी चिठ्ठी संपली."

"कागद नसेल तर माझा घे. आता किती हरणं बसवायची एका कागदावर, ते तू सांग. हिशेब तुझा पक्का आहे."

निकानोर टोपी हातात फिरवत उभा राहिला. जायला वळला नाही. बेतोचा आवाज मग उतरला, पण गोड झाला नाही.

"माझा भाऊ होता तो, निकानोर. त्याच्या जेवणाला मांस कुणी आणायचं हे नाताळात ठरलं. मी तिथे शेजारच्या खोलीत तामाले खात होतो. मला कुणी विचारलं नाही. आणि आज, सगळं फसल्यावर, तू फुस्स झालेलं चाक घेऊन आलास."

"हो," निकानोर म्हणाला. "असंच आहे."

बेतोने हात पुसायचं फडकं बाजूला टाकलं. मग त्याने पंपाची नळी ओढली आणि निकानोरच्या चाकात हवा भरायला लागला. "टाकीवर काही येत नाही यंदा," तो चाकाकडे बघत म्हणाला. "नर सगळे वर आहेत, माद्यांच्या मागे. मला रांगत जायचं जमत नाही. कधी शिकलो नाही. मला शिकवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही."

"मी समोर बसतो. तू जा."

"आणि जेवताना गोष्ट मी सांगणार. माझ्या पद्धतीने."

"सांग."

"तू मध्ये बोलायचं नाहीस."

"नाही बोलणार."

दुसऱ्या दिवशी दोघं पहाटे निघाले. पायथ्याशी निकानोरने टोपीच्या खुणा सांगितल्या, एकेक करून दाखवल्या. बेतोने त्या परत करून दाखवल्या, पोरासारखा थोडा चिडून. "आणि गुडघ्यावर ठेवली की थांबायचं," निकानोर म्हणाला. "मी उचलेपर्यंत थांबायचं. पायाला मुंग्या आल्या तरी."

"तुझ्या गुडघ्याला मुंग्या आल्या तर?"

"तरी टोपी हलणार नाही."

ऊन वर आलं तसा निकानोर दरीच्या अलीकडच्या अंगाला एका सपाट दगडाला टेकून बसला. इतक्या वर्षांत, समोर कुणी असताना, तो या बाजूला कधी बसला नव्हता. ही प्लासिदोची बाजू. त्याने दुर्बिणीतून समोरचा उतार पावलापावलाने तपासला, सावल्या, दगड, घायपाताचे वाळलेले दांडे, पुन्हा सावल्या. मग एका सावलीला कान फुटला. एक मादी बसली होती, आणि तिच्यावर नजर ठेवून थोडा वर, खडकाच्या कडेला, एक नर उभा होता, शिंगं काटक्यांसारखी.

खाली बेतो वर चढत होता. निकानोरला तो दिसला आणि त्याला जरा विचित्र वाटलं. एवढ्या मोठ्या उतारावर माणूस किती लहान दिसतो हे त्याला माहीत नव्हतं. जिथे बेतोला फक्त पुढचं झुडूप दिसत होतं, तिथे निकानोरला झुडूप, हरीण, वारा, मागची वाट, सगळं एकदम दिसत होतं, आणि तरी त्याच्या हातात काहीच नव्हतं, एक टोपी सोडून. प्लासिदो इतकी वर्षं इथे बसून हेच बघत होता तर. घाई करणारा, अडखळणारा, स्वतःला शिकारी समजणारा एक ठिपका. आणि घरी गेल्यावर गोष्ट नेहमी त्या ठिपक्याने सांगितली होती. प्लासिदो बाजूला बसून बीन्स खात ऐकायचा.

टोपी डाव्या हातात. बेतो डावीकडे सरकला. टोपी डोक्यावर. तो पुढे आला. मग मादीने मान उचलली आणि निकानोरने टोपी गुडघ्यावर ठेवली.

बेतो ओणवा होता तसाच थांबला. ऊन सरकलं. सावली सरकली. बेतोने एकदा मान वळवून दुर्बीण लावली, टोपी पाहिली, आणि पुन्हा तसाच राहिला. त्याचा एक हात घायपाताच्या टोकाशी होता आणि त्यातून रक्त येत असलेलं निकानोरला इथून दिसत होतं. तरी तो हलला नाही. टाकीवर बसणारा माणूस, त्याला थांबणं शिकवायची गरज नव्हती. हे निकानोरच्या कधी लक्षात आलं नव्हतं. बेतो आयुष्यभर थांबतच आला होता, फक्त बसून.

अखेर मादी उठली, अंग झटकलं आणि चरत खाली आली. नर तिच्यामागे. निकानोरने टोपी उचलून डोक्यावर ठेवली.

बेतोने धनुष्य ओढलेलं त्याला दिसलं. बाण दिसला नाही. नर उंच उडाला, उतारावरून खाली धावला, दोन ओकांच्या मधून गेला आणि पुढच्या ओकापाशी त्याचे पुढचे पाय वाकले. मग पांढरी शेपटी एकदा उघडली आणि मिटली.

निकानोरने टोपी परत गुडघ्यावर ठेवली. बेतोने ते पाहिलं आणि तो जागेवर बसला. दरीच्या दोन बाजूंना दोघं बसून राहिले, हरीण पुरतं थंड व्हायची वाट बघत.

मग निकानोर दरी उतरून गेला. दोघं हरणाजवळ उभे राहिले. बेतोने त्याच्या तोंडात शेवटचा घास म्हणून गवताची काडी ठेवली, प्लासिदो ठेवायचा तशी, आणि सुरी काढली. कापताना तो मान वर न करता बोलला.

"त्या वर्षी टाकीवरचं हरीण मी शोधलं नव्हतं, असं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"शोधलं होतं. माझी मोठी मुलगी आजारी होती, तिला घरी ठेवून शोधत होतो. नाही सापडलं. मग दुसरं मारलं, कारण घरात खायला हवं होतं. तुझ्या चक्क्या तेव्हा चालत होत्या. तुला नियम परवडत होता."

निकानोरने हरणाचा पाय धरून ठेवला होता. वारा खालून वर यायला लागला होता. निकानोर म्हणाला, "मी विचारायला हवं होतं."

"हो," बेतो म्हणाला. "पाय जरा बाजूला घे, मला दिसत नाही."

मिस्सा झाली. तेंचाने काळं उतरवून करडा झगा घातला. अंगणात लांब टेबलं लावली होती, आणि त्यांवर होतं लाल मिरचीच्या रश्शात शिजलेलं हरणाचं मांस, सोबत कोपरापर्यंत लांब, कागदासारख्या पातळ गव्हाच्या तोर्तिया, बीन्स, आणि वाटीभर चिल्तेपीन, ती वाटाण्याहून लहान रानमिरची, जिने म्हाताऱ्यांच्याही डोळ्यांत पाणी येतं आणि मग कोण कशासाठी रडतंय हे विचारायची गरज उरत नाही.

बेतोने गोष्ट सांगितली. त्याच्या पद्धतीने सांगितली. त्याच्या गोष्टीत उतार अधिक उभा होता, नर अधिक मोठा, आणि बाण अर्ध्या दरीवरून गेला. त्याने घायपाताने फाडलेला हात दाखवला, तो ओरखडा त्याच्या सांगण्यात तळहातापासून मनगटापर्यंत वाढला होता. माणसं ऐकत होती, तोर्तिया मोडत होती.

"आणि निकानोर?" दुकानदारीण म्हणाली. "हा कुठे होता?"

बेतो थांबला. त्याने निकानोरकडे पाहिलं. निकानोरने ठरल्याप्रमाणे तोंड उघडलं नाही, तोर्तियाने रस्सा पुसत राहिला.

"हा समोर बसला होता," बेतो म्हणाला. "याने मला पायाला मुंग्या येईपर्यंत ओणवं ठेवलं. मी मनात याला इतक्या शिव्या दिल्या, पाद्रीसमोर सांगत नाही. माझा भाऊ याच्याबरोबर इतकी वर्षं कसा टिकला, देव जाणे."

सगळे हसले, आणि निकानोरही हसला, जरा उशिरा. तेंचा मोठा डाव घेऊन टेबलामागून फिरत होती. ती दोघांच्या मागे आली, आधी बेतोला वाढलं, मग निकानोरला, आणि निकानोरला म्हणाली, "कोम्पाद्रे, खा. तुमच्यावरचा राग गेला नाही माझा अजून. पण खा."

यानंतर निकानोर आणि बेतो मित्र झाले असं मी लिहिणार नाही. रस्त्यात भेटले तर मान हलवत. दर जानेवारीत मात्र एक दिवस दोघं एकाच गाडीतून जात, आणि कुणी कुठल्या बाजूला बसायचं हे पायथ्याशी नाणं उडवून ठरवत. निकानोरचा खांदा पुढे पार गेला, तेव्हा नाणं उडवायचं बंद झालं. तो बसायचाच. नियम त्याने शेवटपर्यंत पाळला, आणखी एका वर्षी त्याची चिठ्ठी पुन्हा चुलीत गेली.

पण मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांनी तो दुकानात बोल्ट घ्यायला आला होता. तिथे कुणीतरी एका नव्या शिकाऱ्याबद्दल सांगत होता, खाणीतल्या एका माणसाबद्दल, की त्याने एक हरीण जखमी करून सोडलं आणि चारच दिवसांत दुसरं आणलं. सगळ्यांनी निकानोरकडे पाहिलं. असल्या गोष्टीवर तो काय म्हणेल हे सगळ्यांना ठाऊक होतं.

निकानोरने बोल्ट तळहातावर घेतले, अंगठ्याने आटे तपासले.

"त्याच्या घरी कुणी आजारी आहे का?" त्याने विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. त्याने पैसे ठेवले, टोपी घातली आणि आवाज न करता बाहेर पडला. गाडी त्याने वळवली ती घराकडे नाही, खाणीकडच्या वस्तीकडे.